दहा किकवरून कुणाचं काळीज मोजणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पुरवणीत एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या) किकर लोकांवर लेख आला होता तो वाचला. मराठी पेपरात अमेरिकन फुटबॉलवर कुणीतरी एवढं लिहितंय म्हणून आधी बरंच वाटलं, पण लेखाखाली तो तक्ता होता ना, एका बाजूला 'प्रेशरचे बादशहा' आणि दुसऱ्या बाजूला 'ऐन वेळी ढेपाळणारे', तो बघून डोकं फिरलं म्हणून हे पत्र. लांबलंय. कात्री लावायची तर खुशाल लावा, फक्त आकड्यांना लावू नका.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टीमची चाल अडली की किकर मैदानात येतो, एक जण पायांमधून बॉल मागे फेकतो (हा स्नॅप), साधारण सात यार्ड मागे गुडघ्यावर बसलेला होल्डर तो झेलून जमिनीवर उभा धरतो आणि किकर तो साडेअठरा फूट रुंद गोलपोस्टच्या मधून, दहा फूट उंच आडव्या दांडीवरून मारतो. गेला तर ३ पॉइंट, हाच फील्ड गोल. हे सगळं सव्वा सेकंदाच्या आसपास उरकावं लागतं कारण समोरून अकरा धिप्पाड माणसं अंगावर येत असतात. एका मॅचमध्ये किकरला अशी किक मारायला मिळते सहसा दोन-तीनदा, बाकी वेळ बिचारा साइडलाइनला जाळ्यात बॉल मारत उभा. आणि शेवटच्या मिनिटाला, मॅच तीन पॉइंटांच्या आत अडकलेली असताना मिळणारी किक? अख्ख्या सीझनमध्ये एखाद-दुसरी, कधी तीही नाही.

माझी तक्रार नेमकी इथूनच सुरू होते. तुमच्या तक्त्याचा नियम असा की शेवटची दोन मिनिटं, फरक ३ किंवा कमी, अशा १० पैकी १० मारणारा बादशहा आणि १० पैकी ७ किंवा कमी मारणारा ढेपाळणारा. आता जरा कागद घ्या. एनएफएलमध्ये टीम ३२, म्हणजे किकर ३२. समजा हे ३२ही जण डिट्टो सारखे आहेत, सगळ्यांची यशाची शक्यता ८५ टक्के, प्रेशर असो नसो कुणाला काही फरक पडत नाही, कुणाचं काळीज वाघाचं नाही आणि कुणाचं सशाचंही नाही. प्रत्येकाला १० किक द्या. दहाच्या दहा जाण्याची शक्यता ८५ टक्क्यांचा दहा वेळा गुणाकार, येते साधारण २० टक्के. म्हणजे ३२ मधले सहा जण निव्वळ नशिबाने बादशहा. आणि ७ किंवा कमी जाण्याची शक्यता? १८ टक्के. म्हणजे आणखी सहा जण निव्वळ नशिबाने ढेपाळणारे. तुमच्या तक्त्यात वरती सहा नावं होती आणि खाली पाच. मी काय म्हणतोय ते कळलं असेलच.

याचा अर्थ प्रेशर नसतं असं मी म्हणत नाहीये, लोक हे वाचून लगेच तेच म्हणतात म्हणून आधीच सांगतो. प्रेशर असतंच, सत्तर हजार लोक ओरडतायत, उद्या नोकरी राहील की नाही ते या एका किकवर, पाय लटपटणार नाही तर काय. प्रश्न वेगळा आहे. कोण कमी लटपटतो आणि कोण जास्त, हे दहा किकवरून ओळखता येतं का? नाही येत. वीसवरूनही नाही. ८५ टक्केवाल्याने २० किक मारल्या तरी त्याचा आकडा नुसत्या योगायोगाने आठेक टक्के वर-खाली सहज होतो, आणि लीगमधला चांगला किकर आणि बरा किकर यांच्यातला खरा फरकच तेवढा नसतो कधी कधी.

आता विनाटिएरी. तुमच्या तक्त्यात पहिला नंबर, आणि लेखकाने 'बर्फाच्या रक्ताचा माणूस' वगैरे लिहिलंय. ॲडम विनाटिएरीची ती १९ जानेवारी २००२ ची किक, फॉक्सबरोला धो-धो बर्फ पडतोय, त्याची टीम पेट्रियट्स रेडर्सकडून १३-१० ने मागे, अर्ध्या मिनिटापेक्षा कमी वेळ, बर्फातून ४५ यार्ड, आणि गेली. ओव्हरटाइममध्ये आणखी एक मारून १६-१३. मग दोन आठवड्यांनी सुपर बोलमध्ये (लीगच्या फायनलमध्ये) रॅम्सविरुद्ध शेवटच्या सेकंदाला ४८ यार्ड, २०-१७. माझ्या मते त्या बर्फातल्या किकपेक्षा भारी किक या खेळात झालेली नाही आणि यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. पण किक भारी असणं वेगळं आणि त्यावरून माणसाच्या काळजाचं माप काढणं वेगळं. याच विनाटिएरीने फेब्रुवारी २००४ च्या सुपर बोलमध्ये पँथर्सविरुद्ध ४ सेकंद उरले असताना ४१ यार्डांची मारून ३२-२९ ने मॅच जिंकून दिली, हे सगळ्यांना पाठ आहे, पण त्याच मॅचमध्ये आधी त्याची ३१ यार्डांची चुकली होती आणि अजून एक ब्लॉक झाली होती (समोरच्याने वाटेतच अडवली), ते कुणी सांगत नाही. त्या दोन गेल्या असत्या तर शेवटच्या किकची वेळच आली नसती कदाचित! तुमच्या हिशोबात मात्र त्या दोन किक नाहीतच, कारण तेव्हा शेवटची दोन मिनिटं नव्हती. सुपर बोलमध्ये पहिल्या हाफला प्रेशर नसतं का हो?

आणि पूर्ण करिअर काढून बघा. साध्या मॅचेसमध्ये ७१५ पैकी ५९९, म्हणजे ८३.८ टक्के. प्लेऑफमध्ये ६९ पैकी ५६, म्हणजे ८१ टक्क्यांच्या थोडं वर. प्रेशरच्या बादशहाचा प्लेऑफचा आकडा रोजच्या आकड्यापेक्षा थोडा कमीच आहे. यावरून तो ढेपाळतो असं मी म्हणणार नाही, दोन-अडीच टक्क्याला काही अर्थ नाही, वर जानेवारीतली थंडी आणि वारा. मी फक्त एवढंच म्हणतोय की तो अफाट चांगला किकर होता, चोवीस सीझन खेळला, आणि मोठ्या क्षणी तो जसा रोज होता तसाच होता. ही काय कमी तारीफ आहे?

खालच्या यादीकडे येतो. स्कॉट नॉरवूडचं नाव बघून वाईट वाटलं, पस्तीस वर्षं झाली तरी त्या माणसाला कुणी सोडत नाही. जानेवारी १९९१, टॅम्पा, त्याची टीम बिल्स जायंट्सकडून २०-१९ ने मागे, ८ सेकंद, ४७ यार्ड, उजवीकडून बाहेर. बरोबर. पण ४७ यार्ड, गवतावर, १९९१ मध्ये! सत्तरच्या दशकात सगळ्या लीगची सरासरी ६० टक्क्यांच्या आसपास होती, आता ती ८५ च्या आसपास आहे, नव्वद साल मध्येच कुठेतरी, आणि त्या काळात ४७ यार्डांची किक म्हणजे नाणेफेकीपेक्षा फार बरी अशी काही नव्हती. नाणं उलटं पडलं म्हणून टाकणाऱ्याचं काळीज छोटं होत नाही. विनाटिएरीची ४८ यार्डांची सुपर बोलची किक छताखाली होती, ना वारा ना ओलं गवत. अंतर एका यार्डाने जास्त, पण अवघड कुठली हे मला तरी छातीठोक सांगता येणार नाही, आणि तुमच्या तक्त्यात मात्र एक वर आणि एक खाली.

ब्लेअर वॉल्शचं तर उदाहरणच अजब आहे. १० जानेवारी २०१६, मिनियापोलिस, तापमान उणे २१ सेल्सियस, त्याची टीम व्हायकिंग्ज सीहॉक्सकडून १०-९ ने मागे आणि शेवटी फक्त २७ यार्डांची किक, जी झोपेतही जाते, ती डावीकडून बाहेर. मान्य, वाईट चूक, बॉलची लेस (शिवणीची दोरी) किकरच्या बाजूला राहिली होती तरी किकर स्वतःही तेवढ्यावर पांघरूण घालू शकत नाही. पण व्हायकिंग्जचे ते ९ पॉइंट आले कुठून? तिन्ही फील्ड गोल वॉल्शचेच, त्यातला एक ४७ यार्डांचा, त्याच हाडं गोठवणाऱ्या थंडीत जिथे बॉल दगडासारखा होतो. त्या दिवशी मैदानावर चारपैकी तीन आणि टीमचे सगळेच्या सगळे पॉइंट त्याचे, तक्त्यात एकपैकी शून्य. पहिल्या क्वार्टरच्या तीन पॉइंटांची किंमत पण तीनच असते आणि शेवटच्या सेकंदाच्या तीनची पण तीनच, स्कोअरबोर्ड काही वेगळं मोजत नाही.

गॅरी अँडरसनची गोष्ट तर सगळ्यांना माहीतच आहे. १९९८ चा सीझन, व्हायकिंग्जसाठी ३५ पैकी ३५ फील्ड गोल, एक्स्ट्रा पॉइंटही (बॉल शेवटच्या रेषेपार नेल्यावर मिळणारी एका पॉइंटची जादा किक) एकही चुकला नाही. मग जानेवारी १९९९ ला फाल्कन्सविरुद्ध, टीम २७-२० ने पुढे असताना दोन मिनिटं बाकी आणि ३८ यार्डांची चुकली, फाल्कन्सने बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्ये त्यांच्या मॉर्टन अँडरसनने मॅच जिंकली, किती यार्डांवरून? ३८. तेच स्टेडियम, तेच छत, तेवढंच अंतर. एका अँडरसनची गेली, एकाची नाही. यातून तुम्ही दोघांच्या स्वभावाबद्दल काही शोधणार असाल तर शोधा, मला फक्त दोन किक दिसतात.

अजून एक गोष्ट लेखात अजिबात नाही. किक एकट्याची नसते. जानेवारी २००७, काउबॉइज वि. सीहॉक्स, १९ यार्डांची किक, त्या काळच्या एक्स्ट्रा पॉइंटएवढी सोपी, आणि होल्डर टोनी रोमोच्या हातातून बॉल निसटला. किकर ग्रामॅटिकाचा पाय बॉलला लागलाच नाही, काउबॉइज २१-२० ने हरले. ही कुणाची प्रेशरमधली चूक? कोडी पार्कीची जानेवारी २०१९ ची किक, ४३ यार्ड, त्याची टीम बेअर्स ईगल्सकडून १६-१५ ने मागे, बॉल खांब्याला लागला, मग आडव्या दांडीला लागला आणि बाहेर पडला, सगळ्या शिकागोने त्याला शिव्या घातल्या, आणि नंतर लीगने ती अधिकृतपणे ब्लॉक म्हणून नोंदवली कारण ईगल्सच्या खेळाडूचं बोट बॉलला लागलं होतं. तुमच्या तक्त्यात ती 'चुकली' आहे. मजा म्हणजे त्याच्या आदल्या क्षणी ईगल्सच्या कोचने टाइमआउट घेतला होता आणि तेव्हा शिट्टीनंतर पार्कीने मारलेली किक बरोबर मधून गेली होती. (हे टाइमआउट घेऊन किकरला ताटकळत ठेवण्याचं जे प्रकरण आहे त्यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत, कुणाला परिणाम दिसतो कुणाला नाही, म्हणजे असलाच तर तो फार मोठा नाही. कोच लोक घेतातच, काहीतरी केल्यासारखं वाटतं.)

आणि 'प्रेशर' नेमकं कशाला म्हणायचं हे तरी कोण ठरवणार? डॅनियल कार्लसन घ्या, तुमच्या वरच्या यादीत आहे, का तर जानेवारी २०२२ मध्ये रेडर्ससाठी चार्जर्सविरुद्ध ओव्हरटाइमच्या शेवटच्या क्षणी ४७ यार्डांची मारून ३५-३२ ने मॅच जिंकली आणि टीम प्लेऑफला गेली. पण ती चुकली असती तर मॅच बरोबरीत सुटली असती, आणि बरोबरीत सुटली असती तरी रेडर्स प्लेऑफला जाणारच होते! मग ते प्रेशर जास्त की कमी? तक्त्याच्या नियमात मात्र यापेक्षा जास्त प्रेशर असूच शकत नाही.

कार्लसनचीच त्याआधीची बाजू सांगतो, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. २०१८ मध्ये व्हायकिंग्जने त्याला ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) घेतला, दुसऱ्याच आठवड्यात ग्रीन बेला त्याने तीन किक चुकवल्या, त्यातल्या दोन ओव्हरटाइममध्ये, शेवटची ३५ यार्डांची. मॅच २९-२९ बरोबरीत, दुसऱ्या दिवशी त्याला काढून टाकला. त्या दिवशी तुम्ही तक्ता केला असता तर कार्लसन तळाला असता आणि तिथेच राहिला असता. रेडर्सने घेतला म्हणून २०२१ ला ४३ पैकी ४० मारल्या. माणूस तोच, पाय तोच. ज्यांना कुणी परत घेतलं नाही असे किती असतील, त्यांच्या पुढच्या किक कुठल्याच तक्त्यात येत नाहीत कारण त्या झाल्याच नाहीत. म्हणून वरची यादी नेहमी भरभक्कम दिसते, जे सुरुवातीला नशिबाने वाचले तेच पुढे 'अनुभवी' होतात. उलटंही असतं, कोचचा ज्याच्यावर भरवसा त्याला तो ५३ यार्डांवरून पाठवतो, ज्याच्यावर नाही त्याच्या वेळी पंट करून (बॉल लांब मारून समोरच्या टीमला देऊन) मोकळा होतो. मग भरवशाच्या माणसाचा टक्का खाली आणि दुसऱ्याचा सुरक्षित. शेवटच्या मिनिटाला तर हे जास्तच होतं कारण घड्याळ संपत आलेलं असतं, जिथे पोचलो तिथून मारा, त्यामुळे शेवटच्या किक मुळातच लांबच्या असतात. टक्का घसरला की लोक म्हणतात प्रेशर, निम्मं काम अंतराने केलेलं असतं.

आता कुणी म्हणेल नेट केडिंगचं काय. बरोबर, चार्जर्सचा केडिंग हे तुमच्या बाजूचं सगळ्यात भक्कम नाव आहे. साध्या मॅचेसमध्ये ८६ टक्के, आपल्या काळातल्या सगळ्यात अचूक किकरपैकी एक, आणि प्लेऑफमध्ये १५ पैकी ८. जानेवारी २०१० ला जेट्सविरुद्ध एकाच मॅचमध्ये तीन चुकवल्या आणि टीम तीन पॉइंटांनी हरली. अंतरं वगैरे धरून त्याचा अपेक्षित टक्का ८० पकडला तर १५ पैकी ८ किंवा कमी होण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आत येते. म्हणजे योगायोगाने होणं अवघड, पण शंभर किकर बघितले तर एक-दोन असे सापडायचेच. दुसऱ्या टोकाला रॉबी गूल्ड, प्लेऑफमध्ये २९ पैकी २९, जानेवारी २०२२ ला ग्रीन बेच्या बर्फात ४५ यार्डांची मारून पॅकर्सना १३-१० ने घरी पाठवणारा तोच. त्याच्या रोजच्या साडेशहाऐंशी टक्क्यावरून २९ च्या २९ जाण्याची शक्यता? दीड टक्का. एका टोकाला दोनच्या आत, दुसऱ्या टोकाला दीड, इतक्या वर्षांतल्या इतक्या किकरमधून शोधून काढलेली दोन नावं. तरी खरं सांगायचं तर गूल्डपाशी मी थोडा थांबतो. पैज लावायचीच झाली तर, या माणसात काहीतरी होतं, यावर मी थोडे पैसे लावीन. केडिंगवर उलट बाजूने लावणार नाही, १५ किक म्हणजे काहीच नाही, त्यातली एक तर ५७ यार्डांची होती.

मग किकर कसा जोखायचा? सगळ्या किक घ्यायच्या, पहिल्या मिनिटाच्या पण आणि शेवटच्या पण. प्रत्येक किकला त्या अंतरावरून, तसल्या हवेत, तसल्या मैदानावर लीगमधले सगळे मिळून किती टक्के मारतात ते लावायचं आणि किकर त्याच्या वर आहे की खाली ते बघायचं. २७ यार्डांची चुकवली तर जवळजवळ पूर्ण तीन पॉइंट त्याच्या नावावर उधार, ५५ ची मारली तर एखादा पॉइंट जमा. २०१५ पासून एक्स्ट्रा पॉइंटही ३३ यार्डांवरून मारावा लागतो, पूर्वी तो फुकटचा असायचा, आता प्रत्येक किकरच्या त्याच अंतरावरच्या भरपूर किक दरवर्षी मिळतात, याच्याइतकी सरळ तुलना दुसरीकडे कुठे मिळणार नाही आणि तुमच्या लेखात एक्स्ट्रा पॉइंटचा उल्लेखही नाही. असं दोन-तीन सीझनचं गणित मांडल्यावर जो वर येईल तोच शेवटच्या सेकंदालाही पाठवायचा. त्याने दोन महिन्यांपूर्वी एक मोठी चुकवली असेल तरीही. कोच लोकांना हे पटत नाही कारण दुसऱ्या दिवशी पेपरात तुमच्यासारखे तक्ते येतात.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी तक्ता छापाल तेव्हा टक्क्यांच्या बाजूला 'कितीपैकी किती' हा रकाना टाका, अंतर टाका, छत होतं की उघडं ते टाका, ब्लॉक झालेल्या किक वेगळ्या दाखवा आणि प्रेशरची व्याख्या वरती स्पष्ट लिहा. आणि नॉरवूडचं नाव निदान 'ढेपाळणारे' या मथळ्याखालून काढा, एका किकवर कसली आलीय यादी.

कळावे,
आपला एक नियमित वाचक